बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून परदेशात : दोन देशांच्या बिझनेस कौन्सिलकडून काम कसं करून घ्यायचं

पहिल्यांदा मुंबईला दोन देशांच्या व्यापाऱ्यांना जोडणाऱ्या अशा एका चेंबरच्या, म्हणजे व्यापारी संघटनेच्या, कार्यक्रमाला गेलो तेव्हा माझ्याजवळ चकचकीत ब्रोशरचा गठ्ठा आणि शंभर व्हिजिटिंग कार्डं होती. संध्याकाळपर्यंत कार्डं संपली आणि पुढे एकही फोन आला नाही. दीड वर्षाने पुन्हा गेलो, तेव्हा पिशवीत एक व्हॉल्व्ह बॉडी, तिचं ड्रॉइंग आणि एकच प्रश्न होता : ‘या मालासाठी तुमच्या देशात कोणता दाखला लागतो, आणि तो इथे कोण देतं?’ समोरच्या बाईंनी उत्तर दिलं आणि जाता जाता दोन कंपन्यांची नावंही दिली. त्यांतली एक आज माझी गिऱ्हाईक आहे.

त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागातला कोणी ‘त्या कौन्सिलचा मेंबर झालो तर ऑर्डर मिळेल का?’ असं विचारतो तेव्हा मी आधी त्यालाच विचारतो, ‘तू तिथे जाऊन नेमकं काय विचारणार आहेस?’ तो प्रश्न कसा तयार करायचा आणि त्यानंतर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

दारं चार आहेत, ती ओळखा

आपल्याकडे ‘चेंबर’ म्हटलं की सगळं एकाच पोत्यात घालतात. पहिलं दार गावातलं, बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीज. दुसरं निर्यात प्रोत्साहन परिषदेचं. ही परिषद मालाप्रमाणे ठरते : कास्टिंग, हायड्रॉलिक्स, मशीनचे पार्ट असतील तर ईईपीसी इंडिया (अभियांत्रिकी मालाची परिषद), चप्पल असेल तर चर्म निर्यात परिषद, गूळ असेल तर अपेडा (शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था). तिसरं दार दोन देशांच्या चेंबरचं किंवा बिझनेस कौन्सिलचं. चौथं त्या देशाच्या दूतावासातल्या व्यापार विभागाचं. ते फुकट असतं आणि तरी तिथे फारसं कोणी जात नाही.

तिसऱ्या दाराच्या आतही दोन जाती आहेत. यूएस-इंडिया बिझनेस कौन्सिल १९७५ पासून आहे, यूके-इंडिया बिझनेस कौन्सिल २००७ पासून. अशा संस्थांचा भर धोरणावर असतो. कर, आयात शुल्क, गुंतवणुकीचे नियम यांवर मोठ्या कंपन्यांचं म्हणणं त्या दोन्ही सरकारांपुढे मांडतात. पंधरा माणसांच्या मशीन शॉपला तिथे फार काही मिळेल असं मला वाटत नाही. दुसरी जात प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या चेंबरची. मुंबईतली इंडो-जर्मन चेंबर (१९५६) आणि इटलीशी काम करणारी चेंबर (१९६६) ही त्यातली जुनी नावं. शिष्टमंडळ आणणं, प्रदर्शनाला नेणं, फी घेऊन तिकडचे खरेदीदार शोधून देणं हा त्यांचा रोजचा धंदा. इंडो-जर्मन चेंबरचं कार्यालय पुण्यातही आहे आणि बेंगळुरूतही.

आपली गंमत अशी, की सरकारी कागद बेंगळुरूचे, बऱ्याच जुन्या चेंबर मुंबईच्या, आणि बेळगावहून दोन्हीकडे अंतर साधारण पाचशे किलोमीटर. बरेच जण एकच बाजू धरून बसतात. ज्याची भाषा मुंबईची तो बेंगळुरूला जात नाही, आणि राज्याच्या योजनांची माहिती त्याला दोन वर्षं उशिरा कळते. राज्याच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आणि बेंगळुरूचं विश्वेश्वरय्या ट्रेड प्रमोशन सेंटर सोडू नका. कन्नड अर्ज भरायला कोणाची तरी मदत घ्या. त्यात कसला कमीपणा?

आधी घर आवरा

चेंबरला फोन करण्याआधी हे कागद हातात हवेत. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर पॅनच्या आधारे मिळतो. सरकारी फी ५०० रुपये. एजंट याचे पाच हजार मागतात. तुमच्या पुतण्याला अर्ध्या तासात जमेल. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी. नाही केला तर कोड बंद पडतो आणि ते कळतं माल बंदरावर उभा असताना.

मग बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन सीमाशुल्क खात्याच्या आईसगेट पोर्टलवर त्याची नोंद करायची. जीएसटीसाठी आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी (हमीपत्र) भरायचा, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते. तो एका आर्थिक वर्षापुरता असतो, दर एप्रिलला नवा. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी बहुतेकांची असतेच. शेवटी वर सांगितलेल्या परिषदेकडून आरसीएमसी, म्हणजे नोंदणी आणि सभासदत्वाचा दाखला. परदेशी प्रदर्शनाला जाण्यासाठी सरकारी मदत हवी असेल तर या शेवटच्या दोन कागदांची विचारणा होते.

एचएस कोड : इथे घाई नको

निम्मे लोक इथेच घसरतात. आपण म्हणतो ‘हायड्रॉलिकचा पार्ट’. समोरचा देश तुमचा माल नावाने ओळखत नाही, आकड्याने, म्हणजे एचएस कोडने, ओळखतो. पहिले सहा आकडे जवळपास जगभर सारखे असतात. हायड्रॉलिक ट्रान्समिशनचा व्हॉल्व्ह ८४८१.२० मध्ये येतो, पंप ८४१३ मध्ये, लोखंडाचं साधं कास्टिंग ७३२५ मध्ये. तोच तुकडा कच्चं कास्टिंग म्हणून गेला तर एक शुल्क, मशीनिंग होऊन ‘व्हॉल्व्हचा भाग’ म्हणून गेला तर दुसरं.

अथणीच्या चप्पलवाल्यांना मी ६४०३.२० दाखवतो तेव्हा ते हसतात. त्या ओळीत जगभरच्या सीमाशुल्कवाल्यांनी लिहून ठेवलंय : कातडी तळ, आणि वरच्या बाजूला पायाच्या मध्यावरून जाणारा व अंगठ्याभोवती येणारा कातडी पट्टा. म्हणजे आपला पट्टा आणि अंगठाच की! पण तळाला रबर लावलंत तर या ओळीतून बाहेर पडलात, कारण अट कातडी तळाची आहे. पाऊसपाण्यासाठी म्हणून रबर सोल लावणाऱ्या कारागिराने हे आधी समजून घ्यायला हवं.

कोड ठरवायला कस्टम हाउस एजंटची (सीमाशुल्काची कागदपत्रं करणाऱ्याची) मदत घ्या, पण त्याने सांगितलेला आकडा स्वतः वाचून बघा. त्याला दिवसाला चाळीस बिलं करायची असतात.

कोडबरोबर मालाची प्रतही त्यांच्या भाषेत लिहा. आपल्या फौंड्रीत एफजी २६० म्हणतात, ते भारतीय मानक २१० मधलं. युरोपातला माणूस ईएन-जीजेएल-२५० शोधतो. त्याच्या जवळचं आहे, पण तंतोतंत तेच नाही. दोन्ही लिहा आणि चाचणीचे आकडे जोडा. युरोपातले खरेदीदार ‘तीन-पॉइंट-एक सर्टिफिकेट’ मागतात. म्हणजे ईएन १०२०४ प्रमाणे त्या विशिष्ट लॉटच्या तपासणीचा दाखला, कारखान्याच्या उत्पादन विभागापासून वेगळ्या असलेल्या अधिकृत तपासनिसाच्या सहीचा. ज्याच्याकडे मोल्डिंग बघणारा आणि तपासणारा एकच माणूस आहे, त्याने आधी हे सोडवावं.

देश कोणता?

‘जिथे मिळेल तिथे’ हे उत्तर चेंबरमध्ये चालत नाही. माझी पद्धत साधी : आधी आयात शुल्कात सवलत देणारा व्यापार करार बघायचा, मग मागणी. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या एफ्टा देशांशी केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ ला अमलात आला. त्यात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात आणण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. ब्रिटनशी करारावर सह्या २४ जुलै २०२५ ला झाल्या. सही होणं आणि लागू होणं यांत अंतर असतं, म्हणून भाव देण्याच्या दिवशी स्थिती बघा. उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेचं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा एकाच देशावर विसंबलेल्या कारखान्यांची झोप उडाली.

सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच बनला याचा मूळ दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, लागतो आणि त्याचा अर्ज आता ऑनलाइन असतो. सील किंवा बेअरिंग बाहेरून आणून बसवत असाल तर त्याची किंमत मूळ दाखल्याच्या मर्यादेत बसते का, ते आधी मोजा. चेंबरमध्ये विचारण्यासारखा उत्तम प्रश्न हाच. त्यांच्याकडे त्याच कोडचा माल पाठवणारा सभासद असतो.

कौन्सिल खरी आहे का?

दोन देशांचे झेंडे लावून कोणीही संस्था नोंदवू शकतो. मला एकदा ‘जागतिक उद्योगरत्न’ पुरस्कारासाठी निवड झाल्याचा फोन आला होता. ट्रॉफी, शाल आणि पाचतारांकित हॉटेलातलं जेवण, फक्त ‘सहभाग शुल्क’ भरायचं. कुठल्या देशाचा हा पुरस्कार, हे विचारल्यावर फोन कट झाला.

खऱ्या संस्थेचं नाव त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर सापडतं, किंवा दूतावासाला ईमेल केल्यावर ते ओळखतात. तिची सभासदांची यादी असते. त्या यादीतून तुमच्या आकाराचे दोन सभासद निवडा, थेट फोन करा आणि विचारा : ‘गेल्या वर्षी या लोकांनी तुमची कोणाशी गाठ घालून दिली?’ उत्तर देताना माणूस अडखळला तर पैसे भरू नका. वर्गणी भरण्याआधी एक कार्यक्रम पाहुणा म्हणून बघू द्या, असं मागता येतं. बहुतेक चेंबर हो म्हणतात.

पत्र

आपल्या लोकांची पत्रं अशी असतात : ‘आम्ही १९८७ पासून दर्जेदार उत्पादनात अग्रगण्य असून…’. चेंबरमधल्या मुलीला अशी पत्रं रोज येतात. तिच्या कामाचं पत्र असं असतं :

‘आम्ही बेळगावमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी कास्ट आणि मशीन करतो, कोड ८४८१. एका तुकड्याचं वजन २ ते १८ किलो. महिन्याला इतके नग आजच देऊ शकतो. अमुक गिऱ्हाइकाला पाच वर्षं पुरवतो. मोजमाप आणि धातूचा अहवाल सोबत आहे. तुमच्या देशातल्या मोबाइल हायड्रॉलिक्स (फिरत्या यंत्रांची हायड्रॉलिक्स) बनवणाऱ्या मध्यम कंपन्यांपैकी कोणाला दुसरा पुरवठादार हवा आहे का? नसल्यास, कोणत्या प्रदर्शनात त्या भेटतील?’

इंग्रजीत पाठवा, पण आधी मराठीत लिहा. मराठीत ज्या वाक्यातून अर्थ निघत नाही, तो इंग्रजीतही निघत नाही. ‘दुसरा पुरवठादार’ हा शब्द मुद्दाम वापरा. कोणीही परदेशी कंपनी आपला जुना पुरवठादार सोडून बेळगावला येणार नाही. पण एकावरच अवलंबून राहण्याची भीती प्रत्येकाला असते. जुनं गिऱ्हाईक कोण ते नावाने सांगायचं असेल तर त्याची परवानगी आधी घ्या.

भेट आणि नंतरचा आठवडा

ठरवून दिलेली भेट बहुधा वीस मिनिटांची असते. त्यातली पहिली पाच मिनिटं ऐका. नमुना टेबलावर ठेवा आणि त्यांना हातात घेऊ द्या. भाव विचारलाच तर ‘नंतर कळवतो’ म्हणू नका. एफओबी न्हावा शेवा (न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव) असा एक आकडा, किती नगांना आणि किती दिवस लागू, हे तयार ठेवा. कारखान्याच्या दारातला भाव सांगितलात तर त्याला घरपोच खर्चाचा अंदाज येत नाही आणि तो दुसरीकडे वळतो.

घरी आल्यावर अठ्ठेचाळीस तासांत ईमेल, त्यात ठरलेली एक गोष्ट आणि तारीख. आपल्याकडे ‘बघू, करू’ ही सभ्यता आहे. तिकडे तो नकार समजतात. नमुना पाठवायचा असेल तर लहान पार्सलसाठी टपाल खात्याचं डाकघर निर्यात केंद्र बघा, कागदपत्रं तिथेच होतात.

पावसाळ्यात पाठवत असाल तर माझ्याकडून एक फुकटचा सल्ला. जुलैतल्या बेळगावात मशीनिंग केलेला तुकडा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी तांबूस होतो. तेल लावून गंजरोधक पिशवीत बंद करा, आणि लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) उष्णता प्रक्रियेचा शिक्का असू द्या. शिक्का नसलेल्या लाकडामुळे अख्खा माल अडतो.

पहिल्या ऑर्डरचे पैसे

गाठ चेंबरने घालून दिली म्हणून खरेदीदार पैसे देईलच असं नाही. चेंबर तशी हमी घेत नाही, कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. पहिल्या ऑर्डरला काही आगाऊ आणि बाकी कागदपत्रांवर, किंवा सरळ एलसी, म्हणजे बँकेचं पतपत्र. उधारी द्यावीच लागली तर ईसीजीसीचा विमा काढा. ही सरकारी कंपनी १९५७ पासून याच कामात आहे आणि परदेशी खरेदीदाराची पत तपासून मर्यादा ठरवते. ती मर्यादा किती आली, यावरूनच गिऱ्हाईक कळतं.

खरेदीदाराने अचानक ‘आमचं बँक खातं बदललं’ किंवा ‘कमिशन आधी भरा’ असं ईमेल केलं तर आधी मिळालेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. चेंबरचा खरा उपयोग मला इथे झालाय. एका कंपनीचं नाव मी विचारलं आणि पलीकडून उत्तर आलं, ‘हा पत्ता एका केशकर्तनालयाचा आहे.’

चप्पल, आणि एकट्याने न जाण्याची गोष्ट

लहान कारागिराने वरचं सगळं एकट्याने करायची गरज नाही. कोल्हापुरी चप्पलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि आपल्या बाजूला बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर. सीमेवर एरवी ज्या गोष्टी एकत्र होत नाहीत, त्यांतली ही एक झाली. मानांकन दोन सरकारी महामंडळांकडे आहे, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, नाव न घेता. इथल्या कारागिरांचा राग साहजिक होता. पण बघा, पुढे काय झालं : महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र लिहिलं आणि त्याला उत्तर आलं, मूळ भारतीय असल्याचं कंपनीने मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत भारत-इटली व्यवसाय मंचाच्या निमित्ताने लिडकॉम आणि लिडकरबरोबर करार झाला, दोन्ही राज्यांत मिळून २,००० जोड बनवण्याचा. त्यातलं काम अथणी-निपाणीच्या कोणाच्या हातापर्यंत किती पोचतं, ते मला मोजायला आवडेल. तोवर कारागिराने करायची गोष्ट : मानांकनाचा ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपलं नाव नोंदवून घ्यायचं. नोंदणी दहा वर्षं चालते आणि लिडकरमार्फत अर्ज करता येतो. नाव यादीत नसेल तर काम वाटताना आठवण कोणाची होणार?

पैसा आत यायचा असेल तर

कधी कधी खरेदीदार म्हणतो, ‘माल नको, भागीदारी करू.’ हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) हेच झालं. तिथल्या एक्वस कंपनीने कॅनडाची मॅगेलन आणि स्वीडनची साब अशा परदेशी कंपन्यांबरोबर संयुक्त कंपन्या काढल्या, आणि विमानाचे भाग बेळगाव जिल्ह्यातून बाहेर जाऊ लागले.

तुमच्या आकारात पहिली अडचण वेगळी आहे. उद्यमबागेतली निम्मी शॉप वडिलांच्या नावावरची एकल मालकी आहेत. परदेशी कंपनीला अशा फर्ममध्ये थेट भांडवल घालता येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी लागते. कारखानदारीत १०० टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक सहसा आपोआप मंजुरीच्या मार्गाने येते. पण पैसे आल्यावर ६० दिवसांत शेअर द्यायचे आणि शेअर दिल्यावर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर, म्हणजे शेअर दिल्याचा अहवाल, भरायचा. उशीर झाला तर दंड. शेअरचा भाव तज्ज्ञाकडून ठरवून घ्यायचा असतो, मामाच्या अंदाजाने नाही. त्याआधीही, ड्रॉइंग दाखवताना गोपनीयतेचा करार करा. जमीन कोणाच्या नावावर आहे, भाऊबंदांचा हिस्सा किती, हे साफ करा. मी बघितलेली एक बोलणी याच मुद्द्यावर थांबली. परदेशी माणूस सातबारा समजून घ्यायला आला होता, आणि आपल्याकडे तर आरटीसीचा (कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा) उतारा कन्नडमध्ये.

काही अडलं तर

माल पोचला, पैसे अडले, तर आधी लेखी तक्रार खरेदीदाराला, मग ईसीजीसीला मुदतीत कळवायचं, आणि त्याच दिवशी चेंबरला. अनेक द्विपक्षीय चेंबर तिकडच्या कंपनीला स्वतःच्या लेटरहेडवर, त्यांच्या भाषेत पत्र पाठवतात. आमच्या एका बिलाचे चार महिने अडलेले पैसे अशा एका जर्मन पत्रानंतर अकरा दिवसांत आले. पत्रात काय लिहिलं होतं ते मला आजही वाचता येत नाही. मी ते फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवलंय.